युरोपातल्या टेंडरचा कायदा निकालांतून कसा घडतो: पाण्याच्या मीटरच्या एका प्रश्नाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळची एक कंपनी पाण्याचे मीटर आणि त्यांचं रीडिंग घेणारं सॉफ्टवेअर बनवते. जर्मनीत तिची जीएमबीएच, म्हणजे तिथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, आहे. तिथल्या एका शहराच्या पाणीपुरवठा कंपनीच्या टेंडरमध्ये यांची किंमत सगळ्यांत कमी होती, तरी 'काम दुसऱ्याला देत आहोत' असं पत्र आलं. गुण होते किंमतीला 40, तांत्रिक भागाला 30 आणि टीमच्या अनुभवाला 30. अनुभवात यांना 'समाधानकारक' असा शेरा मिळाला आणि तो कशावरून दिला हे टेंडरच्या कागदांत कुठेच नव्हतं. वकिलाला विचारलं तर त्याने कलमांऐवजी लिआनाकिस, अम्बिसिग, डिमार्सो, कोलिन अशी निकालांची नावं घेतली. आता प्रश्नकर्ते विचारतात: कायदा डिरेक्टिव्हमध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या सामायिक नियमांत, छापलेला असताना हे निकाल मध्येच कुठून आले, आणि आमच्या केसमध्ये त्यांचा उपयोग काय?

मी वकील नाही. आधी काही वर्षं एका नगरपालिकेच्या खरेदी विभागात होतो, आता बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या फायली तयार करतो. त्यामुळे हे उत्तर कायद्याच्या वर्गातलं नाही, टेंडरच्या टेबलावरचं आहे.

लांबण लावण्याआधी घाईची गोष्ट सांगतो. ते पत्र मेलने किंवा पोर्टलवरून आलं असेल तर ते पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 10 दिवस मोजा. कॅलेंडरचे दिवस, शनिवार-रविवार धरून. तुम्ही ते कधी उघडून वाचलं याच्याशी देणंघेणं नाही. या मुदतीत पाणी कंपनीला करार करता येत नाही. मुदत संपली की ती सही करायला मोकळी, आणि रीतसर सही झाली की काम परत मिळवण्याचा रस्ता बंद होतो. उरते फक्त भरपाई. इथे पुष्कळांची गल्लत होते. खरेदीदाराला लेखी हरकत पाठवली की घड्याळ थांबलं असं त्यांना वाटतं. हरकत पाठवावी लागतेच, पण तिने काहीही थांबत नाही. टेंडरच्या तक्रारी ऐकणारं जे प्राधिकरण आहे, जर्मनीत त्याला फेर्गाबेकामर म्हणतात, तिथे अर्ज दाखल झाला आणि त्यांनी खरेदीदाराला तसं लेखी कळवलं, की मगच सही अडते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी अर्ज टाकून उपयोग नसतो तो यामुळेच. तिथलं किमान शुल्क 2,500 युरो आहे, वकिलाची फी वेगळी.

आता हे 10 दिवस आले कुठून ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

1996 साली ऑस्ट्रियाच्या केंद्र सरकारने मोटरवेवर डेटा पाठवणारी यंत्रणा बसवण्यासाठी टेंडर काढलं. काम कोणाला द्यायचं ते ठरलं आणि करारावर सहीही त्याच दिवशी झाली. बाकीच्या कंपन्यांना बातमी कळली ती वर्तमानपत्रांतून. 1989 च्या डिरेक्टिव्हप्रमाणे खरेदीदाराचा चुकीचा निर्णय रद्द करून घ्यायची सोय प्रत्येक देशाने ठेवायला हवी होती. ऑस्ट्रियाने ती ठेवलीही होती, पण करार होईपर्यंतच. निर्णय आणि सही एका दमात उरकली की ती सोय कागदावरच राहायची. 1999 मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, अल्काटेल खटल्यात स्पष्ट केलं की काम कोणाला द्यायचं हा निर्णय वेगळा आणि करार वेगळा, आणि करार होण्याआधी त्या निर्णयाला आव्हान देता आलंच पाहिजे. दिवस किती ठेवायचे ते न्यायालयाने सांगितलं नाही, तो त्याचा प्रांतही नव्हता. पुढे 2007 च्या डिरेक्टिव्हने आकडे घातले: इलेक्ट्रॉनिक पत्राला किमान 10 दिवस, इतर मार्गांनी पाठवलेल्याला साधारण 15. जर्मन कायद्यातलं कलम त्यावरून आलं.

म्हणजे आज तुमचा वकील जे कलम दाखवेल, ते आधी एक निकाल होतं. युरोपातल्या सार्वजनिक खरेदीच्या कायद्यात हे इतक्या वेळा घडलं आहे की नुसती कलमं वाचणाऱ्याला ती तशी का आहेत हे कळत नाही, आणि भांडणाच्या वेळी तर अजिबात कळत नाही.

यंत्रणा साधी आहे. डिरेक्टिव्ह हा सर्व सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा मसुदा असतो. तो सत्तावीस देशांच्या वाटाघाटींतून लिहिला जातो, त्यामुळे जिथे एकमत होत नाही तिथे शब्द मुद्दाम ढिले ठेवले जातात. मग कुठल्या तरी गावच्या टेंडरवरून वाद होतो, तिथल्या न्यायाधीशाला त्या ढिल्या शब्दाचा अर्थ लावावा लागतो, आणि तो लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतो. उत्तर यायला साधारण दीड वर्ष लागतं. लक्झेंबर्ग तुमची केस निकालात काढत नाही. ते फक्त शब्दाचा अर्थ सांगतं आणि फाइल परत पाठवतं. जिंकलं कोण हे मूळ न्यायालय ठरवतं. पण तो अर्थ मग सगळ्या देशांतल्या सगळ्या न्यायालयांना लागू होतो, आणि तोही सहसा मागच्या तारखेपासून, कारण न्यायालयाच्या मते कलमाचा अर्थ पहिल्यापासून तोच होता. दुसरा मार्ग युरोपीय कमिशनचा, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेचा. एखादा देश नियम मोडतोय असं वाटलं तर कमिशन त्या देशालाच कोर्टात खेचतं.

आपल्याकडेही निविदांचा कायदा बराचसा निकालांतूनच आला आहे, हे लक्षात घेतलं तर यात परकं वाटण्यासारखं काही नाही. 1979 चा रमणा शेट्टी खटला मुंबईच्या विमानतळावरच्या दुसऱ्या दर्जाच्या रेस्टॉरंट आणि स्नॅक बारच्या टेंडरचा होता. अट होती नोंदणीकृत हॉटेलवाल्याच्या 5 वर्षांच्या अनुभवाची, आणि काम मिळालं कँटीन चालवणाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने स्वतः जाहीर केलेल्या अटी स्वतः पाळल्याच पाहिजेत. मात्र अर्जदाराला दिलासा मिळाला नाही; उशीर झाला होता आणि ज्याला काम मिळालं त्याने पैसे घालून ते सुरूही केलं होतं. तत्त्व जिंकलं, माणूस हरला. युरोपातले ते 10 दिवस नेमके हेच टाळण्यासाठी आहेत.

फरक एवढाच, की आपल्याकडचं न्यायालय राज्यघटनेच्या कलम 14 वर उभं राहून बोलतं आणि लक्झेंबर्गचं न्यायालय सामायिक बाजारपेठेवर उभं राहून. त्यांचा मूळ प्रश्न सरकारी पैशाची बचत झाली का, हा नसतो. शेजारच्या देशातला विक्रेता या टेंडरमध्ये मोकळेपणी येऊ शकला असता का, हा असतो. हा रोख एकदा पकडला की पुष्कळ निकाल आपोआप उलगडतात.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. आयर्लंडमधल्या डंडॉक शहराला जादा पाणी आणायचं होतं. पाइप अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे हवेत आणि ते आयरिश मानक 188 प्रमाणे प्रमाणित हवेत, अशी अट टेंडरमध्ये होती. एका बोलीदाराने स्पॅनिश कारखान्याचे पाइप देऊ केले. ते आंतरराष्ट्रीय मानकात बसत होते, आयरिश प्रमाणपत्र मात्र त्यांना नव्हतं. त्याला बाजूला काढलं गेलं. ते आयरिश प्रमाणपत्र तेव्हा फक्त एकाच कारखान्याकडे होतं, आणि तो आयर्लंडमधलाच! गंमत म्हणजे त्या वेळचा बांधकामांचा डिरेक्टिव्ह पाणीपुरवठ्याला लागूच नव्हता, पाण्याची कामं त्यातून वगळलेली होती. तरीही 1988 मध्ये न्यायालयाने आयर्लंडला दोषी धरलं. आधार घेतला मूळ कराराचा, मालाच्या मुक्त ये-जा करण्याच्या हक्काचा. मानकाच्या पुढे 'किंवा समतुल्य' हे शब्द नव्हते, एवढ्यावर आयर्लंड हरलं. आज युरोपातल्या कुठल्याही टेंडरमध्ये ब्रँडच्या किंवा मानकाच्या नावापुढे ते दोन शब्द दिसतात. ते कारकुनी सवयीने आलेले नाहीत. तुमचा मीटर एखाद्या ठरावीक प्रोटोकॉलच्या नावाखाली बाहेर काढला गेला तर पहिल्यांदा ते दोन शब्द शोधायचे.

पाच वर्षांनी डेन्मार्कच्या स्टोरबेल्ट पुलाचा निकाल आला. टेंडरमध्ये शक्य तितका डॅनिश माल, डॅनिश मजूर आणि डॅनिश यंत्रं वापरण्याची अट होती. डेन्मार्कने ती करारावर सही होण्याच्या सुमारास काढून टाकली, तरी वाचला नाही, कारण बोली तर त्या अटीखालीच भरल्या गेल्या होत्या. आणि समान वागणुकीचं तत्त्व डिरेक्टिव्हमध्ये शब्दशः लिहिलेलं नसलं तरी ते त्याच्या गाभ्याशी आहे, असं न्यायालयाने सांगितलं. माझ्या मते सगळ्या निकालांत हे एक वाक्य सर्वांत जास्त चाललं आहे. नंतरच्या डिरेक्टिव्हांनी ते कलम म्हणून लिहून घेतलं.

आता तुमच्या 30 गुणांकडे येतो.

ग्रीसमधल्या अलेक्झांड्रूपोली नगरपालिकेला शहराच्या एका भागाच्या नगररचनेचं आणि जमीन-नोंदीचं काम द्यायचं होतं. निकष जाहीर केले होते: तज्ज्ञांचा अनुभव, मनुष्यबळ व साधनं, आणि वेळेत काम पुरं करण्याची क्षमता. बोली आल्यावर समितीने बसून भार ठरवला, 60-20-20, आणि अनुभवाचे गुण द्यायला पूर्वी केलेल्या कामांच्या रकमेची एक पट्टीही आखली. ज्याची जुनी कामं मोठी त्याला गुण जास्त. 2008 च्या लिआनाकिस निकालात न्यायालयाने यातल्या दोन गोष्टी खोडल्या. एक तर भार मागाहून ठरवला. दुसरं म्हणजे अनुभव ही दारातून आत घेताना तपासायची गोष्ट आहे. आत घेतल्यावर तुलना बोलीची करायची, बोली लावणाऱ्याची नाही. हुशार विद्यार्थ्याला परीक्षेला बसायला परवानगी आहे का हे आधी बघावं, पण पेपर तपासताना मागच्या वर्षीच्या टक्केवारीचे गुण देऊ नयेत, तसं.

तत्त्व म्हणून हे चोख आहे. व्यवहारात मात्र खरेदीदार वैतागले, आणि मी तेव्हा त्यांच्यातलाच होतो. सल्लागार, आर्किटेक्ट, सॉफ्टवेअर अशा कामांत कोण माणूस येणार यावरच सगळं अवलंबून असतं. कागदावरची पद्धत सगळ्यांचीच छान असते. ही कुरबूर ब्रसेल्सपर्यंत गेली आणि 2014 च्या डिरेक्टिव्हांत नवा मजकूर आला: ज्या माणसांना प्रत्यक्ष कामावर नेमलं आहे त्यांची पात्रता आणि अनुभव गुणांकनात धरता येईल, पण त्यांच्या दर्जाचा कामावर लक्षणीय परिणाम होत असेल तरच. म्हणजे इथे कायदेमंडळाने न्यायालयाला थोडं वळवलं. मग 2015 मध्ये पोर्तुगालच्या अम्बिसिग खटल्यात न्यायालयानेही जुन्याच कायद्याखाली तेच मान्य केलं: बौद्धिक स्वरूपाच्या कामात ठरावीक टीमचा अनुभव हा त्या बोलीचाच भाग असू शकतो.

तेव्हा तुमच्या वकिलाने ही दोन नावं एकत्र घेतली ती उगाच नाही. लिआनाकिस मेलेला नाही, तो आकसला आहे. म्हणून तुमच्या मूल्यांकनाच्या टिपणात बघायची गोष्ट ही, की 'अनुभव' या रकान्यात त्यांनी नेमकं काय मोजलं. तुम्ही नाव देऊन नेमलेल्या प्रकल्पप्रमुखाचा आणि इंजिनिअरांचा बायोडेटा मोजला, की कंपनीने आजवर किती शहरांत मीटर बसवले ते मोजलं? पहिलं असेल तर नवा मजकूर त्यांच्या बाजूने आहे. दुसरं असेल तर लिआनाकिस तुमच्या बाजूने आहे, मग रकान्याला नाव काहीही दिलेलं असो. टेंडरमध्ये 'टीम' लिहायचं आणि टिपणात कंपनीचे जुने प्रकल्प मोजायचे, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही. गुण देणाऱ्या इंजिनिअरला हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

दुसरा प्रश्न असा, की 30 गुण द्यावेत इतकी टीम महत्त्वाची होती का. हे करारात काय आहे त्यावर ठरेल. नुसते मीटर पेटीत भरून पाठवायचे असतील तर टीमच्या अनुभवाचा मालाच्या दर्जाशी संबंध दाखवणं त्यांना जड जाईल. बसवणं, जुन्या यंत्रणेतला डेटा नव्यात आणणं, दोन वर्षं सॉफ्टवेअर सांभाळणं हे सगळं असेल तर सोपं जाईल. फक्त हा मुद्दा तुम्ही आत्ता काढताय, आणि निकष तर टेंडरच्या कागदांत पहिल्या दिवसापासून होता. जर्मन कायद्याप्रमाणे कागदांत ओळखू येणाऱ्या चुकीवर बोली भरायच्या मुदतीच्या आत हरकत घ्यावी लागते. नाही घेतली तर तो मुद्दा बहुतेक गेला. बहुतेक म्हणतो, कारण 2015 चा ईव्हिजिलो नावाचा लिथुआनियाचा निकाल आहे: नेहमीची काळजी घेणाऱ्या बोलीदाराला निकषाचा अर्थ जर मूल्यांकनाची कारणं हातात पडल्यावरच कळू शकत असेल, तर त्याला तेव्हाही दाद मागता येते. 'टीमचा अनुभव' हा शब्द वाचून आम्हाला कंपनीच्या प्रकल्पांची कल्पना येणं शक्य नव्हतं, असं तुम्ही म्हणू शकता. टीमला 30 गुण जास्त झाले, असं मात्र आता म्हणणं अवघड आहे.

आता 'समाधानकारक' कशावरून ठरलं हे कागदांत नव्हतं, ही तक्रार. भारतात एल-वनची, म्हणजे सर्वांत कमी किंमतवाल्यालाच काम मिळण्याची, सवय असलेल्यांना हे फार खटकतं आणि बहुतेक जण याच मुद्द्यावर भांडायला निघतात. इथे जपून. 2016 च्या डिमार्सो निकालात बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशाने एका सर्वेक्षणाच्या कामाला गुणवत्ता 50 आणि किंमत 50 असं ठेवलं होतं, आणि गुणवत्तेला 'उच्च, समाधानकारक, कमी' अशी तीन पायऱ्यांची मोजपट्टी वापरली होती. ती मोजपट्टी जाहीर केलेली नव्हती. न्यायालय म्हणालं, निकष आणि त्यांचा भार आधी सांगावाच लागतो, मोजण्याची पद्धत सांगावी लागत नाही. पण ती पद्धत बोली उघडण्याआधी ठरलेली असली पाहिजे, शक्य नसेल तर त्याची कारणं असली पाहिजेत, आणि तिच्यामुळे निकष किंवा भार बदलता कामा नये. म्हणून 'आम्हाला सांगितलं नाही' यावर वेळ घालवू नका. 'पद्धत कोणत्या तारखेला ठरली' हे विचारा. प्राधिकरणापुढे अर्ज दाखल झाल्यावर तुमच्या वकिलाला फाइल पाहता येते. स्पर्धकाची व्यावसायिक गुपितं झाकलेली असतात, पण समितीची टिपणं आणि त्यांच्या तारखा सहसा दिसतात. मोजपट्टीचा कागद बोली उघडल्यानंतरचा निघाला, तर केसचं चित्र पालटतं.

इतर बरीच कलमं अशाच वाटेने आली आहेत, ती भरभर सांगतो. नगरपालिकेने स्वतःच्याच मालकीच्या कंपनीला टेंडरविना काम देणं कधी चालतं, याची कसोटी 1999 च्या टेकाल निकालातली. इटलीतल्या एका छोट्या गावाच्या इमारती तापवण्याच्या कामावरून तो वाद झाला होता, आणि 2014 च्या डिरेक्टिव्हने त्यातल्या 'कामाचा मुख्य भाग' या शब्दांना 80 टक्के असा आकडा लावला. तुम्हाला ज्या शहरांत टेंडर कधी दिसतच नाही, तिथे बहुधा याच सवलतीखाली काम चाललेलं असतं. चालू करारात किती बदल केला की नवं टेंडर काढावं लागतं, हे 2008 च्या प्रेसटेक्स्ट निकालातून आलं. हेलसिंकीच्या बससेवेच्या टेंडरमध्ये धूर आणि आवाज कमी करणाऱ्या बसला जादा गुण देता येतात हे 2002 मध्ये ठरलं, आणि उत्तर हॉलंड प्रांताच्या कॉफी मशीनच्या टेंडरवरून 2012 मध्ये हे ठरलं की फेअर ट्रेडचा अमुकच शिक्का हवा असं म्हणता येत नाही. त्या शिक्क्यामागचे निकष लिहायचे आणि ते दुसऱ्या मार्गाने पुरे करणाऱ्यालाही घ्यायचं.

सगळे निकाल मला पटतात असं नाही. 2021 मध्ये डेन्मार्कच्या एका प्रकरणात, नळीने अन्न देण्याच्या वैद्यकीय साहित्याच्या टेंडरवरून, न्यायालयाने सांगितलं की फ्रेमवर्क करारात, म्हणजे अटी आधी ठरवून लागेल तशी ऑर्डर देण्याच्या करारात, जास्तीत जास्त किती खरेदी होईल तो आकडा जाहीर करायलाच हवा आणि तो गाठला की करार संपला. इतकं स्पष्ट डिरेक्टिव्हमध्ये कुठे म्हटलेलं नाही. हेतू चांगला आहे, विक्रेत्याला अंदाज यावा हा. परिणाम असा झाला की खरेदीदार सुरक्षित राहण्यासाठी अवाच्या सवा मोठा आकडा टाकू लागले, आणि तुमच्यासारखे विक्रेते तो आकडा खरा धरून कारखान्यात तयारी करून बसतात. फ्रेमवर्कमधला कमाल आकडा म्हणजे ऑर्डर नव्हे, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

राहिलं शेवटचं नाव, कोलिन. तुमच्या वकिलाने ते का घेतलं असेल याचा अंदाज मला आहे, आणि भारतीय मालकीच्या प्रत्येक कंपनीने हा निकाल समजून घ्यावा.

कोलिन ही तुर्की बांधकाम कंपनी. क्रोएशियातल्या रेल्वेच्या एका कामात तिने बोली लावली होती. काम मिळालेल्या गटाला मुदतीनंतर अनुभवाचे नवे कागद जोडू दिले, अशी तिची तक्रार होती. तक्रार तशी दमदार होती. पण ऑक्टोबर 2024 मध्ये लक्झेंबर्गने त्या प्रश्नाला हातच लावला नाही. त्यांनी आधी विचारलं की या कंपनीला हा हक्क आहे का. ज्या देशाशी युरोपीय संघाचा सार्वजनिक खरेदीविषयी करार नाही, तिथल्या कंपनीला या डिरेक्टिव्हमधल्या समान वागणुकीवर दावा सांगता येत नाही, असं उत्तर आलं. तिला टेंडरमध्ये घ्यायचं की नाही, घेतलं तर तिचे गुण कमी करायचे का, हे त्या त्या खरेदीदाराने ठरवायचं. सदस्य देशांनी याबाबत स्वतःचे कायदेही करायचे नाहीत, कारण परदेशांशी व्यापाराचं धोरण फक्त युरोपीय संघाच्या हातात आहे. मार्च 2025 मध्ये रोमानियातल्या रेल्वेगाड्यांच्या टेंडरवरून, एका चिनी कंपनीच्या बाबतीत, त्याच धर्तीवर निकाल लागला.

भारत डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, सरकारी खरेदी कराराचा सदस्य नाही, 2010 पासून निरीक्षक आहे. त्यामुळे पुण्याच्या कंपनीने स्वतःच्या नावाने बोली लावली असती, तर वर सांगितलेला लिआनाकिस, डिमार्सो वगैरे सगळा दारूगोळा ओला निघण्याची भीती होती. तुमची बोली जीएमबीएचच्या नावाने आहे. ती जर्मन कायद्याखाली नोंदलेली, युरोपातली कंपनी आहे, म्हणून कोलिनचा दरवाजा तिच्यावर त्याच रीतीने बंद होत नाही. पात्रतेसाठी पुण्याच्या मूळ कंपनीचा अनुभव दाखवला असेल, तर दुसऱ्या संस्थेच्या क्षमतेवर विसंबता येतं, हेही एका निकालानेच पक्कं केलं आहे. 1999 चा होल्स्ट इटालिया. इटलीतल्या कालियारी शहराच्या सांडपाणी प्रकल्पांसाठी एका नव्या जर्मन कंपनीने आपल्या मागे उभ्या असलेल्या संस्थेचा अनुभव दाखवला होता. मात्र ती साधनं खरोखर हाताशी असतील हे सिद्ध करावं लागतं. पुण्याहून सहीशिक्क्याचं हमीपत्र जोडलं होतं ना, ते तपासा.

एक पाचर मात्र आहे आणि ती निकालात नाही, कलमातच आहे. पाणी, वीज, वाहतूक यांसाठी वेगळा डिरेक्टिव्ह आहे, 2014/25. त्याच्या कलम 85 प्रमाणे, पुरवठ्याच्या टेंडरमध्ये करार नसलेल्या देशांत बनलेल्या मालाचं मूल्य निम्म्याहून जास्त असेल, तर अशी बोली खरेदीदार नाकारू शकतो. आणि दोन बोली जवळपास सारख्या असतील, किंमतीत 3 टक्क्यांच्या आत, तर युरोपीय मालाला प्राधान्य द्यावं लागतं. इथे कंपनी कुठली हे बघत नाहीत, माल कुठला ते बघतात. तुमचे मीटर पुण्यात बनून हॅम्बर्गला उतरत असतील तर जीएमबीएचचा लेटरहेड इथे कामी येणार नाही. या वेळी त्यांनी हे कलम वापरलेलं दिसत नाही. पण तुम्ही तक्रार केली आणि मूल्यांकन पुन्हा झालं, तर कोणीतरी हे कलम उघडून बसेल, याचा विचार वकिलाबरोबर आधीच करा. सॉफ्टवेअर आणि बसवण्याची सेवा मिळून करार पुरवठ्याचा ठरतो की सेवेचा, यावर बरंच अवलंबून आहे.

भरपाईबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सही होऊन गेली असेल तर तोच रस्ता उरतो. पूर्वी कित्येक देशांत 'काम मला नक्की मिळालं असतं' हे सिद्ध केल्याशिवाय काही मिळत नसे, आणि ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. जून 2024 च्या इंगस्टील निकालाने, जो स्लोव्हाकियाच्या फुटबॉल संघटनेच्या स्टेडियमच्या टेंडरचा होता, संधी गेल्याचीही भरपाई सरसकट नाकारता येणार नाही असं ठरवलं. किती मिळेल हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर आहे. सर्वांत कमी किंमत तुमची होती, ही गोष्ट तिथे उपयोगी पडेल.

तर वकिलाला आज तीन गोष्टी विचारा: पत्र कोणत्या तारखेला पाठवलं गेलं, 'अनुभव' या रकान्यात माणसं मोजली की प्रकल्प, आणि मोजपट्टीच्या कागदावर तारीख कोणती आहे. पहिल्याचं उत्तर तुमच्या पोर्टलच्या लॉगमध्येच सापडेल, त्यासाठी त्याच्या फोनची वाट बघत बसू नका. मालाच्या मूळ देशाचा मुद्दा त्याच्याशी बोलून घ्या, लेखी हरकतीत मात्र स्वतःहून काढू नका.